दोन हरताळ



गेल्या महिन्यात आमच्या घरी केसांवरून चांगलंच महाभारत झालं. डोक्यावरच्या नव्हे, पायांवरच्या. मुलगी बारा वर्षांची, इथल्या इंटरमीजिएट शाळेत जाते, आठवड्यातून तीनदा पोहते. एका संध्याकाळी पोहून आली ती गाडीत एक अक्षर बोलेना. घरी आल्यावर बाथरूमच्या बंद दाराआडून प्रश्न आला, "आई, आपल्यालाच एवढे केस का?" कोणीतरी तिच्या ओठावरच्या लवेला 'मिशी' म्हटलं होतं, आणि मग सगळ्यांची नजर पायांकडे गेली होती.

माझी आई सध्या वाईहून आलेली आहे. ती म्हणाली, "अगं, डाळीचं पीठ नि साय लाव रोज, जाईल." नवऱ्याचं म्हणणं, इतक्या लहान वयात असलं काही करायचंच नाही. मी आपलं दोन्ही बाजूंनी "बघू" म्हणत होते. मुलगी म्हणाली, "पण पाय माझे आहेत ना?" यावर कोणालाच काही सुचलं नाही.

आता खरी गंमत अशी की मी पोटासाठी केसच काढते. हसू नका. मी रसायनशास्त्र शिकले आणि इथे हॉक्स बेला आल्यापासून मेंढ्यांच्या कातड्यावरची लोकर उतरवण्याच्या धंद्यात आहे. न्यूझीलंडमध्ये १९८२ साली सात कोटींच्या वर मेंढ्या होत्या, आता अडीच कोटींपेक्षाही कमी उरल्यात. जिवंत मेंढीची लोकर कातरतात हे सर्वांना माहीत असतं. पण कापलेल्या मेंढीच्या कातड्यावरची लोकर कातरत नाहीत, ती मुळापासून सोडवतात. कातडं लोकरीची बाजू खाली करून पसरायचं आणि वरच्या, म्हणजे मांसाच्या बाजूवर सोडियम सल्फाइड आणि चुना यांचा दाट लेप फासायचा. लेप कातड्यातून झिरपत केसाच्या मुळापर्यंत पोचतो आणि मूळ विरघळवतो. काही तासांनी हाताने ओढली तरी लोकर पुंजक्यांनी निघते. लेप लोकरीला लागलेलाच नसल्यामुळे ती शाबूत राहते. तिला इथे स्लाइप वूल म्हणतात. १८८२ मध्ये 'डनेडिन' नावाचं जहाज गोठवलेलं मांस घेऊन इथून इंग्लंडला गेलं आणि मांसाचा व्यापार वाढला, तसा कातड्यांचा हा धंदाही फोफावला.

यामागचं शास्त्र सोपं आहे. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो आणि त्याला ताठरपणा येतो तो गंधकाच्या जोड्यांमुळे. शिडीच्या पायऱ्या असाव्यात तशा या जोड्या. भरपूर अल्कली असताना सल्फाइड या पायऱ्या तोडतं, आणि केसाचा लगदा होतो. कातड्याचं मुख्य प्रथिन कोलॅजेन, त्यात या पायऱ्याच नाहीत, म्हणून कातडं टिकतं. दुकानात मिळणाऱ्या केस काढायच्या क्रीममध्ये सल्फाइडऐवजी थायोग्लायकोलेट असतं, पण काम तेच, आणि वासही त्याच घराण्यातला. मात्र आपल्या त्वचेचा अगदी वरचा थर केराटिनचाच असतो. म्हणून डब्यावर दहा मिनिटं लिहिलं असेल तर अकरावं मिनिट लावू नये. केस संपले की ते क्रीम तुमच्याकडे वळतं. (माझ्या नवऱ्याला हे सांगितल्यावर त्याचा विरोध दुप्पट झाला.)

तर हा लेप किती जुना? चुन्याबरोबर गंधकाचा कुठला तरी क्षार, ही युक्ती फार फार जुनी आहे. पूर्वी सोडियम सल्फाइड नव्हतं, तेव्हा लोक हरताळ वापरत. हरताळ म्हणजे ते पिवळंधमक खनिज, आर्सेनिक आणि गंधक यांचं संयुग. तुर्कस्तानात चुना आणि हरताळ यांच्या लेपाला 'रुस्मा' म्हणत, अरबी-इराणी हमामांमध्ये 'नूरा'. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत जखमेच्या उपचारांत, जखमेभोवतीचे केस काढण्यासाठी शंखाचं चूर्ण आणि हरताळ यांचा लेप सांगितला आहे. शंख म्हणजे तरी काय, चुनाच. युरोपातले चांभारही हातमोज्यांचं मऊ कातडं कमावताना एकोणिसाव्या शतकात चुन्यात आर्सेनिकचा तांबडा भाऊ मनशीळ घालत. मला गंमत वाटते ती अशी की या सगळ्या प्रकारांत केस काढत होता तो गंधक. आर्सेनिक नुसतं सोबत आलं होतं, आणि त्याने फक्त विषबाधा करायचं काम केलं.

आपल्या पोथ्या लिहिणारे चूक झाली की त्यावर हरताळाचा लेप फासून अक्षर झाकत. 'नियमांना हरताळ फासला' हे आपण आजही म्हणतो ते त्यावरून. केसावर फासा नाही तर अक्षरावर, खाली जे होतं ते दिसेनासं करायचं हेच त्याचं काम. पण मराठीत हरताळ आणखी एक आहे. तो गुजरातीतून आला, हट्ट म्हणजे बाजार आणि ताळ म्हणजे कुलूप, म्हणजे कामधंदा बंद ठेवणं. दोघांची कुळं वेगळी, पण आपल्या भाषेत येऊन एका नावाचे झाले. या दुसऱ्या हरताळाचाही केस काढण्याशी संबंध आहे. त्याकडे येतेच, पण आधी पद्धतींचं उरलेलं संपवते.

पद्धती मोजक्याच आहेत. केस कापा, उपटा, विरघळवा किंवा मूळ मारा. बाळाच्या अंगावर डाळीच्या पिठाचा तेलात मळलेला गोळा फिरवून लव काढतात तो उपटण्याचाच सौम्य प्रकार. इजिप्तपासून अरबस्तानापर्यंत साखरेचा चिकट पाक लावून उपटत. दोऱ्याने उपटण्याची कला इराणपासून आपल्यापर्यंत पसरली आणि आता ऑकलंडच्या मॉलमध्येही आपल्याकडच्या बायका दातात दोरा धरून गोऱ्या मडमांच्या भुवया करताना दिसतात. इथले मूळचे माओरी पुरुष तर दाढीचे केस शिंपल्यांच्या चिमट्याने उपटत, का, तर चेहऱ्यावरचं मोको म्हणजे गोंदण स्पष्ट दिसावं. चेहऱ्यावर आपलं कूळ कोरलेलं, त्यावर दाढीचं रान कशाला? डोक्याचे केस मात्र त्यांच्यात पवित्र. शरीरात डोकं सर्वांत 'तापू'. मोठ्या माणसाचे केस कापायचे तर ज्वालामुखीच्या काळ्या काचेची धारदार कपची वापरत आणि कापलेले केस कुणाच्या हाती लागणार नाहीत अशा जागी ठेवत. एकाच माणसाच्या गालावरचा केस अडथळा आणि डोक्यावरचा केस देवासारखा.

मूळ मारायच्या नादात विसाव्या शतकाने कहर केला. १८९६ मध्ये, क्ष-किरणांचा शोध लागून जेमतेम वर्ष झालं होतं तेव्हा, व्हिएन्नात लिओपोल्ड फ्रॉइंड नावाच्या डॉक्टरने एका लहान मुलीच्या पाठीवरचे केस त्या किरणांनी घालवले. पुढे १९२० च्या दशकात अमेरिकेत चक्क पार्लरमध्ये क्ष-किरणांची यंत्रं आली. वेदना नाही, वास नाही. कॅन्सर वर्षांनी आले. १९३० च्या सुमारास तिथेच 'कोरेम्लू' नावाचं क्रीम निघालं, त्यात थॅलियम होतं, उंदरांच्या औषधातलं. केस गेले, काही बायकांची दृष्टी गेली, पाय लुळे पडले. नुकसानभरपाईच्या दाव्यांखाली कंपनी १९३२ मध्ये बुडाली. आजचा लेझर त्यामानाने सभ्य आहे, पण तो केसातला काळा रंग शोधतो. गोऱ्या कातडीवर काळा केस त्याला लगेच सापडतो, आपल्या सावळ्या कातडीत मात्र रंग सगळीकडेच, त्यामुळे चुकीच्या यंत्राने भाजतं आणि डाग राहतात. सावळ्या त्वचेला १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग त्यातल्या त्यात बरा. इथे कुठेही जाण्याआधी यंत्र कोणतं हे विचारा, एवढं मी मैत्रिणींना हक्काने सांगते.

हे सगळं बायका का सोसत होत्या? १९१५ साली जिलेटने बायकांसाठी 'मिलेडी डेकोलते' नावाचा रेझर काढला. बिनबाह्यांचे झगे नुकतेच आले होते, आणि काखेतला केस ही लाजिरवाणी गोष्ट आहे हे त्याच सुमारास जाहिरातींनी बायकांना पटवलं. पुरुषांना रेझर विकून झाले होते, उरलेलं अर्धं जग मोकळंच होतं. माझ्या मुलीच्या वर्गातली ती कोण पोरगी 'मिशी' म्हणाली, तिला हे कोणी शिकवलं याचा माग काढत गेलं तर बहुधा तिथवरच पोचेल.

आता दुसरा हरताळ.

आमचा वाद ऐकत आई दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना म्हणाली, "आमच्या आजीला नाही कोणी विचारलं, ठेवू की काढू." तिची आजी म्हणजे माझी पणजी. आईचं माहेरही वाईचंच. पणजीचा नवरा १९१८ च्या इन्फ्लुएंझात गेला. पणजी एकोणीस वर्षांची, पदरात एक मुलगा. तेराव्याच्या आत न्हाव्याला बोलावून डोकं करवलं. त्यानंतर लाल आलवण, एकवेळ जेवण आणि दर पंधरा दिवसांनी मागच्या अंगणात न्हावी. आईला आठवतं ते १९६० च्या आसपासचं. म्हातारा न्हावी यायचा, मान वळवून बसायचा, पाण्याचा तांब्या, वस्तरा, कोणी काही बोलायचं नाही. झाल्यावर पणजी आंघोळ करायची, कारण न्हाव्याचा स्पर्श झाला. ज्याच्या हाताने शुद्ध व्हायचं त्याच्याच हाताचा विटाळ! एरवी परपुरुषासमोर न येणाऱ्या बाईला त्याच्यासमोर डोकं उघडं करून बसायला लावायचं. धर्माचा हिशोब माझ्या डोक्यात कधी बसला नाही.

धर्म तरी कुठला? मनुस्मृतीत विधवेच्या केशवपनाचा आदेश नाही. महामहोपाध्याय पां. वा. काण्यांनी सगळी शास्त्रं चाळून दाखवलं की जुन्या स्मृतींमध्ये या रूढीला आधार नाही. आधार सापडतो तो स्कंदपुराणातल्या काशीखंडात, विधवेने वेणी बांधली तर परलोकात नवऱ्याला बंधन पडतं म्हणे. एवढ्या एका समजुतीवर ब्राह्मण आणि त्यांचं अनुकरण करणाऱ्या काही जातींत हजारो पोरींची डोकी भादरली गेली.

सुधारकांनी यावर खूप लिहिलं. १८८८ मध्ये सुरू झालेल्या 'सुधारका'त आगरकरांनी टोले हाणले. हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' १८९० पासून 'करमणूक' पत्रात येऊ लागली, तीत यमूच्या डोक्यावरून फिरणारा वस्तरा वाचून त्या काळी घरोघर बायका रडल्या असतील. ज्योतीराव-सावित्रीबाईंनी तर त्याच्या कितीतरी आधी, १८६३ मध्ये, फसलेल्या विधवांसाठी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं.

पण १८९० मध्ये मुंबईत जे झालं ते वेगळंच होतं. नारायण मेघाजी लोखंडे, फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना काढली होती. १० जून १८९० ला मुंबईच्या गिरणी मालकांनी कामगारांना रविवारची सुट्टी मान्य केली ती त्यांच्याच धडपडीने. इथे न्यूझीलंडमध्ये आपण शनिवार-रविवार 'वीकेंड' म्हणून बार्बेक्यू पेटवतो, तेव्हा त्यातल्या आपल्याकडच्या अर्ध्याचा जनक कोण हे लक्षात असू द्या. त्याच वर्षी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईतले न्हावी सभेला जमले आणि त्यांनी ठरवलं की यापुढे विधवांची डोकी करायची नाहीत. न्हाव्यांचा हरताळ.

याचं महत्त्व मला कामावर, कातड्यांच्या शेडमध्ये उभं राहून जास्त कळतं. हुकूम कोणी का देईना, लेप फासणारा हात लागतोच. शास्त्री सांगणार, सासरा बोलावणार, पण वस्तरा फिरवणारा हात न्हाव्याचा. तो हात मागे घेतला की शास्त्र्याने स्वतः वस्तरा धरायचा का? ते तर त्याच्या सोवळ्यात बसत नाही. आणि हात मागे घेणारे कोण, तर ज्यांना स्वतःला त्या घराच्या पुढच्या दाराने आत यायची मुभा नव्हती, आणि हे नको म्हटलं की मिळकतही बुडणार होती. आगरकर मला पूज्य आहेत, पण न्हाव्यांच्या ठरावाने मी जास्त हलते. शाळेत आम्हाला इतिहासात आगरकर होते, आपटे मराठीच्या तासाला होते. न्हावी कुठेच नव्हते. लोखंडे १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत गेले.

हरताळाने रूढी संपली असं मात्र झालं नाही. माझी पणजीच साक्ष आहे, अठ्ठावीस वर्षांनंतरची. मुंबईच्या न्हाव्यांनी नाही म्हटलं तरी वाईचा होताच. काही जणींनी स्वतः बाहेर पडून दाखवलं. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंनी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले सोवळ्या वेषात गावोगाव हिंडून हिंगण्याच्या आश्रमासाठी वर्गणी गोळा करत. पुढे त्यांनी आपण होऊन केस वाढवायचं ठरवलं, त्यावरही लोकांनी तोंड सोडलं. या बाई पुढे अमेरिकेला जाऊन, तिथे घरकामं करून इंग्रजी शिकल्या. आपण परदेशात आल्याचं कौतुक आपल्यालाच फार असतं, म्हणून सांगितलं :-)

आणि २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद करायचा ठराव केला. १८९० नंतर एकशे बत्तीस वर्षांनी.

पणजीचं पुढे काय झालं ते आईने सांगितलं तेव्हा मात्र मी गडबडले. १९६३ च्या सुमाराला म्हातारा न्हावी वारला. त्याचा मुलगा आला, अंगणात उभा राहिला आणि म्हणाला, "आजी, दाढ्या करीन, जावळं करीन, पण हे माझ्याच्यानं व्हायचं नाही." मी आईला म्हटलं, वा! म्हणजे तिची सुटका झाली. आई म्हणाली, "कसली सुटका? आजी चिडली. आठ दिवस बोलली नाही कोणाशी. मग माझ्या आईकडून कात्रीने कापून घ्यायला लागली. मरेपर्यंत." का? तर "आता वाढवून कुणाला दाखवू?" म्हणायची. पंचेचाळीस वर्षं लोकांनी केलेलं काम शेवटची आठ वर्षं तिने आपल्या मर्जीने चालू ठेवलं. त्याला मर्जी म्हणायचं का, यावर आई आणि मी तास-दीड तास वाद घातला, भाजी तशीच राहिली.

मुलगी हे सगळं ऐकत होती. अर्धं मराठी, अर्धं माझ्या इंग्रजीत. तिला पणजीच्या कथेपेक्षा न्हाव्याच्या मुलाचा भाग आवडला. तिने आजीला विचारलं, "तो परत कधी आला का?" आजी म्हणाली, "येत होता की, तुझ्या पणजोबांची दाढी करायला. आजी आत निघून जायची."

आमच्या घरातला निकाल असा लागला. क्रीम नाही, ते मी रोज टनावारी बघते, घरात नको. लेझरचा तर प्रश्नच नाही या वयात. नवऱ्याने माघार घेतली आणि स्वतःच जाऊन साधा रेझर आणून दिला, कसा धरायचा तेही त्यानेच दाखवलं, कारण घरात रोजचा सराव त्यालाच. साबण भरपूर लाव, दाबू नको, कोरड्यावर फिरवू नको. पाय झाले. ओठाला तिने हात लावला नाही. हातांवरचेही ठेवले आहेत. का ते मी विचारलेलं नाही.

उद्या पहाटेची पाळी आहे, म्हणून इथेच थांबते. चू. भू. द्या. घ्या.